ज्ञानाची पेढी : चालविणे आणि वाढविणे

आपल्या संस्थेच्या सभासदांची जुनी यादी चाळली तर नावांपुढे जे हुद्दे दिसतात ते बहुतेक कारखान्यातले आहेत : फोरमन, चार्जमन, ड्राफ्ट्समन, इंजिनियर. नव्या यादीत निराळे शब्द आले आहेत. कोणी सनदी लेखापाल आहे, कोणी वकील, कोणी आर्किटेक्ट, कोणी इमारतींचे आराखडे तपासणारा सल्लागार इंजिनियर, तर कोणी घराच्या माडीवर चार मुले बसवून संगणकाचे काम करणारा. वडिलांनी नोकरी केली, मुलांनी कचेरी थाटली. ही गोष्ट अभिमानाची खरी. पण तिच्यात एक काळजीही आहे, आणि त्या काळजीविषयी चार शब्द सांगावेत म्हणून हा लेख.

काळजी अशी. कारखान्यातला मोठ्यात मोठा साहेब निवृत्त झाला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुरू होतेच आणि काम पुढे चालते. सल्ला देणाऱ्याच्या कचेरीचे तसे नसते. मालकाच्या छातीत एकदा कळ आली की दार महिनाभर बंद राहते, आणि पुढल्या वर्षी त्याच जागी मोबाइलचे दुकान दिसते. तीस वर्षांची मेहनत, शेकडो कुटुंबांनी टाकलेला विश्वास, कपाटांतल्या फायली, हे सारे एका माणसाबरोबर संपते. असे का व्हावे, आणि होऊ नये म्हणून काय करावे, याचा आपण क्रमाने विचार करू.

लिहिणारा स्वतः हिशेबतपासनीस आहे. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि १९८१ साली येथेच बाजारात दोन खोल्या भाड्याने घेऊन कचेरी मांडली. पुढे जे सांगणार आहे त्यातले थोडे वाचलेले, थोडे पाहिलेले आणि बरेचसे चुकून शिकलेले आहे.

१. आपण विकतो ते काय?

किराणा दुकानदार साखर विकतो. आज विकली नाही तर ती उद्या विकता येते. गोविंदपुऱ्याचा कारखानदार कास्टिंग विकतो. मागणी मंदावली तर माल काही दिवस गोदामात पडून राहतो. आपण मात्र वेळ, ज्ञान आणि विश्वास या तीन गोष्टी विकतो. त्यांपैकी वेळ साठवता येत नाही. मंगळवारची रिकामी दुपार बुधवारी विकता येत नाही. ज्ञान साठते, पण कायदा बदलला की ते शिळे होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा आम्हा कित्येकांचे वीस-पंचवीस वर्षांचे विक्रीकराचे पाठांतर एका रात्रीत जुने झाले. विश्वास मात्र साठतो आणि वाढतोही. पण तो बहुधा माणसाच्या नावावर साठतो, पेढीच्या नावावर नव्हे. सगळ्या अडचणीचे मूळ येथेच आहे.

आता वेळेचा हिशेब मांडून पाहा. वर्षाचे ५२ आठवडे. सण, लग्नकार्ये, आजारपण यांचे चार वजा करा, राहिले ४८. आठवड्याचे ४० तास धरले तर १,९२० तास होतात. त्यांतले एक तृतीयांश तास टेलिफोन, नवे कायदे वाचणे, सरकारी कचेरीतल्या खेपा आणि थकलेली फी मागणे यांत जातात. उरले १,२८०. हे तास संपले की एकट्या माणसाची मिळकत संपली. मग फी वाढवा, रात्री जागवा, नाही तर दुसऱ्यांचे हात घ्या, एवढेच मार्ग राहतात. पहिल्याला बाजाराची मर्यादा आहे, दुसऱ्याला शरीराची. म्हणून शहाणा माणूस तिसऱ्या मार्गाकडे वळतो.

समजा, एका ऑडिटला १०० तास लागतात. सगळे तास मालकाने स्वतः घातले तर वर्षात बारा ऑडिटे होतील. तेच काम वाटून दिले, म्हणजे मालकाचे १५ तास, अनुभवी साहाय्यकाचे ३५ आणि उमेदवार मुलामुलींचे ५०, तर मालकाच्या त्याच १,२८० तासांत पंच्याऐंशी ऑडिटे बसतात. त्यासाठी दोन-तीन साहाय्यक आणि तीन-चार उमेदवार लागतील. कागदावर हे फार सोपे दिसते. परंतु साहाय्यक बाजारात तयार मिळत नाहीत. ते घडवावे लागतात, आणि घडविण्याचे तास वरच्या हिशेबात कोठेच धरलेले नाहीत. पुष्कळ कचेऱ्या याच ठिकाणी फसतात.

२. कामाचे तीन प्रकार

डेव्हिड माइस्टर या लेखकाने १९९३ साली ज्ञानव्यवसायाच्या पेढ्यांवर एक पुस्तक लिहिले. या विषयावर पुढे जे लिहिले गेले, त्यातले पुष्कळसे त्या पुस्तकापाशी येऊन मिळते. त्याने कामांचे तीन वर्ग पाडले आहेत. पहिले बुद्धीचे काम : असा प्रश्न पूर्वी कोणासमोर आलेला नाही, नव्याने डोके चालवावे लागते. दुसरे अनुभवाचे काम, ज्याला तो पिकल्या केसांचे म्हणतो : प्रश्न आपल्या अशिलाला नवा आहे, पण आपण असे दहा पाहिले आहेत. तिसरे पद्धतीचे काम : काय करावयाचे ते ठरलेले आहे, ते चोख, वेळेवर आणि स्वस्तात व्हावे एवढीच अपेक्षा असते.

एक उदाहरण घेऊ. पाण्याच्या उंच टाकीला विचित्र तडा गेला आणि त्याचे कारण कोणालाच उमगेना, तर ते बुद्धीचे काम. अशा टाक्यांची दुरुस्ती पूर्वी केलेल्या इंजिनियरास बोलावले तर ते अनुभवाचे. दर वर्षी टाकीची तपासणी करून छापील तक्त्यात नोंद करणे हे पद्धतीचे.

प्रत्येक प्रकाराला माणसे निराळ्या प्रमाणात लागतात. बुद्धीच्या कामात वरिष्ठ जास्त आणि उमेदवार थोडे. पद्धतीच्या कामात उलट. आपल्याकडची नेहमीची चूक अशी की पन्नाशीचा मालक स्वतः बसून महिन्याची विवरणपत्रे भरतो, कारण "दुसऱ्याच्या हाताने झालेले मला पटत नाही". आणि ज्या अशिलाच्या घरात वाटणीचा नाजूक प्रश्न उभा आहे त्याच्याकडे उमेदवार मुलाला पाठवतो, कारण साहेबांना वेळ नाही. अशाने दोन्ही कामे बिघडतात. आपल्या कचेरीतले कोणते काम कोणत्या वर्गात मोडते याची यादी प्रत्येकाने वर्षातून एकदा करावी. शिवाय हेही ध्यानात घ्यावे की आजचे बुद्धीचे काम उद्या अनुभवाचे होते आणि परवा पद्धतीचे. काल ज्याची मोठी फी मिळत होती ते काम आज यंत्रही करते. म्हणून शिकणे थांबले की पेढी उतरणीला लागली असे समजावे.

३. माझी चूक

आता थोडे स्वतःविषयी. माझ्याकडे एक मुलगा उमेदवार म्हणून आला. आपल्याच वसाहतीतला, वडील कारखान्यात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही तो माझ्याकडेच राहिला. अकरा वर्षे राहिला. कचेरीतले अवघड काम तोच करी. कागद तयार करणारा तो आणि सही करणारा मी. अशील आला की मी त्याला माझ्या खोलीत बसवी, चहा सांगे आणि त्या मुलाने रात्री जागून काढलेले उत्तर माझ्या तोंडाने देई. त्याची अशिलाशी ओळख करून द्यावी असे मला कधी सुचले नाही. खरे सांगायचे तर, सुचले होते. पण धीर झाला नाही. अशील त्याला ओळखू लागला तर मला कोण विचारणार, ही भीती मनात होती.

त्याने दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "काका, भागीदारीचे कागदावर कधी करायचे?"

मी म्हणालो, "अरे, घाई कसली? पेढी तुझीच आहे."

बोलायला हे वाक्य फार गोड आहे. पण ज्या पेढीच्या कागदावर नाव नाही, अशिलाच्या तोंडी नाव नाही आणि पगाराखेरीज नफ्यात वाटा नाही, ती पेढी त्याची कशी? पुढल्या मार्चअखेरचे काम त्याने नेहमीसारखे पूर्ण केले, फायली लावून दिल्या, माझ्या पाया पडला आणि गेला. एकही अशील त्याने फोडला नाही. दोन वर्षांत माझे कितीतरी अशील आपल्या पायांनी त्याच्याकडे गेले. काम कोण करीत होते हे त्यांना माझ्या समजुतीपेक्षा बरेच अधिक ठाऊक होते.

मी कित्येक वर्षे त्याला कृतघ्न म्हणत आलो. घरी म्हटले, चारचौघांत म्हटले, गणेशोत्सवाच्या मांडवातही म्हटले. पुढे माझी शस्त्रक्रिया झाली आणि दोन महिने कचेरी बंद ठेवावी लागली. अंथरुणावर पडून मी वर मांडलेला तासांचा हिशेब प्रथम केला, तेव्हा चूक कोणाची हे कळले.

त्या हिशेबातली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती फारशी कोणी सांगत नाही. तीन साहाय्यक घेऊन चालणारी कचेरी आठ-दहा वर्षांनी आहे तशी राहू शकत नाही. साहाय्यक पिकतात. त्यांना वरची जागा हवी असते, आणि ती मागणे रास्त असते. जागा द्यावयाची तर काम वाढले पाहिजे. न द्यावी तर उत्तम माणूस जातो आणि ज्याला दुसरीकडे कोणी घेत नाही तो राहतो. पेढी वाढविणे म्हणजे हाव नव्हे. आपल्या हाताखाली मोठ्या झालेल्या माणसांना बसावयास जागा करणे, हा तिचा खरा अर्थ. लहानच राहावयाचे असेल तर तसेही राहता येते; पण मग हाताखालच्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की बाबा, येथे शीक आणि पुढे आपली वाट धर, मी तुला आशीर्वाद देईन. अकरा वर्षे आशेवर ठेवू नये.

४. आपल्या दाराशी असलेले उदाहरण

शिकवून उभे करणे म्हणजे काय, हे पाहावयास पिपलानीकरांनी लांब जाण्याची गरज नाही. आपली ही वसाहतच त्याचे उदाहरण आहे.

नोव्हेंबर १९५५ मध्ये भारत सरकारने असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या इंग्लिश कंपनीशी तांत्रिक सल्ल्याचा करार केला. ऑगस्ट १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी भोपाळचा कारखाना राष्ट्राला अर्पण केला. सल्लागारांनी नकाशे दिले एवढ्यावर काम भागले नसते. नकाशा वाचणारा, यंत्रावर हात ठेवणारा, चूक ओळखणारा माणूस येथे घडावा लागला. येथे प्रशिक्षणशाळा निघाली, तरुण इंजिनियर शिकण्यासाठी इंग्लंडला गेले, परत आले आणि त्यांनी पुढच्यांना शिकविले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील या साखळीतले एक कडे होते.

पुढे काय झाले ते पाहा. १९६७ साली ती इंग्लिश कंपनी जनरल इलेक्ट्रिक कंपनी या दुसऱ्या इंग्लिश कंपनीने घेतली आणि तिचे स्वतंत्र अस्तित्व उरले नाही. भोपाळची कंपनी १९७४ साली भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली आणि कारखाना चालू राहिला. शिकविणारी कंपनी गेली. शिकलेले हात राहिले, आणि त्यांनी आणखी हात तयार केले. सल्ला देणाऱ्याचे काम टिकते ते असे. आपण अशिलाला आणि हाताखालच्याला किती शहाणे केले, यावर आपले आयुष्य मोजले जाते.

५. नाव, वारसा आणि वाटा

पेढी एका माणसापलीकडे जगली, अशी उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. बाळासाहेब खेर यांचे नाव सर्वांना परिचित आहे. राजकारणात येण्यापूर्वी ते सॉलिसिटर होते. १९१८ साली त्यांनी मुंबईत भागीदारीत पेढी काढली. पुढे ते सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यास असेच म्हणत), आणि १९४६ ते १९५२ पुन्हा मुख्यमंत्री होते. १९५७ साली ते वारले. मणिलाल खेर अंबालाल या नावाने ती पेढी त्यांच्या मागेही चालत राहिली. एकट्याचीच कचेरी असती तर तिचे दार कधीच लागले असते.

दुसरे उदाहरण पुण्याचे आणि अलीकडचे. कीर्तने अँड पंडित ही तेथील हिशेबतपासनीसांची जुनी पेढी. त्या पेढीच्या नावावरून १९९० साली रवी पंडित आणि किशोर पाटील या दोघा सनदी लेखापालांनी संगणकाच्या कामासाठी निराळी कंपनी काढली. केपीआयटी म्हणून ती आज मोटारींच्या संगणकप्रणालीसाठी देशोदेशी ओळखली जाते. येथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नवे काम जुन्या कचेरीच्या कोपऱ्यात टेबल टाकून त्यांनी वाढविले नाही. त्याला स्वतंत्र घर दिले. हिशेबतपासणीचे नियम निराळे, संगणकाच्या धंद्याचे निराळे, भांडवलाची गरज निराळी. मुलगा मोठा झाला म्हणजे त्याला वेगळी खोली लागतेच.

वाटा सोडण्याच्या बाबतीत अमेरिकेतील मार्विन बॉवर यांची गोष्ट सांगितली जाते. मॅकिन्झी या सल्लागार पेढीचे संस्थापक १९३७ साली वारले, तेव्हा ती बॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावरली. बॉवर यांनी पेढीला स्वतःचे नाव दिले नाही. मालकाचे नाव पाटीवर असले की प्रत्येक अशील त्यालाच मागतो, हे त्यांनी पाहिले होते. १९६३ साली साठ वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी आपले भाग बाजारात मिळाली असती त्या किमतीला न विकता पुस्तकी किमतीला पेढीला परत दिले. तसे न करते तर तरुण भागीदारांना कर्ज काढून म्हाताऱ्यांचे वाटे विकत घ्यावे लागले असते, आणि कर्जाखाली दबलेला सल्लागार अशिलाच्या हिताचा सल्ला देईलच असे सांगता येत नाही. आपल्याकडे कोणी एवढे करावे असा माझा आग्रह नाही. पण साठीनंतर वाटा दरवर्षी थोडा थोडा कमी करीत जावा, असा नियम भागीदारीपत्रात घालता येतो.

६. वाढीचा धोका

वाढ चांगली म्हणून कशीही वाढ चांगली नव्हे. आर्थर अँडरसन ही हिशेबतपासनीसांची पेढी १९१३ साली शिकागोत निघाली आणि सचोटीसाठी नावाजली गेली. शतक संपता संपता ती जगातील पाच बलाढ्य पेढ्यांपैकी एक होती. परंतु एन्रॉन हा असा अशील तिला लाभला की त्याच्याकडून ऑडिटची फी मिळे आणि सल्ल्याचीही मोठी फी मिळे. ज्याची चूक दाखवावयाची त्याच्याच अन्नावर पोसले गेले की जीभ जड होते. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉनचे दिवाळे वाजले. कागद नष्ट केल्याच्या आरोपावरून २००२ साली पेढी दोषी ठरली. २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला; पण तोवर पेढी मोडली होती आणि तिची हजारो माणसे विखुरली होती. एका अशिलाच्या कामाने जगभरच्या कचेऱ्यांवर पाणी पडले. नाव एकच असते. ते एका ठिकाणी गेले की सर्वत्र जाते.

आपल्या लहान कचेऱ्यांनाही हे लागू आहे. निम्मी फी एकाच घराण्याकडून येत असेल तर आपण स्वतंत्र राहिलो नाही, त्यांचे नोकर झालो, फक्त बिगर पेन्शनचे. गोविंदपुऱ्याच्या ज्या कारखान्यांनी आयुष्यभर एकाच मोठ्या ग्राहकाचे काम केले त्यांना विचारा. मागणी मंदावली की झोप कशी उडते ते सांगतील. माझा ठोकताळा असा : कोणत्याही एका अशिलाची फी एकूण फीच्या पाचव्या हिश्शावर जाऊ लागली की नवे अशील शोधावेत.

नवे अशील कसे शोधावेत? वकील आणि सनदी लेखापाल यांना दुकानदारासारखी जाहिरात करण्यास त्यांच्या नियमांनी मनाई आहे. कामाची चोखी, वेळेवर दिलेले उत्तर आणि अशिलाने दुसऱ्यापाशी काढलेला चांगला शब्द, एवढेच आपले खरे भांडवल. समाजाच्या सभेत नव्या कायद्याविषयी सोप्या भाषेत अर्धा तास बोलावे; न समजणाऱ्याला समजावून सांगितले की तो आपल्याला विसरत नाही.

७. व्यवहाराचे काही नियम

तरुण मित्रांसाठी आता काही रोकडे नियम देतो.

भागीदारीपत्र लेखी करावे आणि पेढीची नोंदणी करावी. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून आलेले येणे वसूल करण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. त्याच कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, एक भागीदार वारला की पेढी विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील तर करारही उपयोगी पडत नाही, कारण मागे राहिलेला एकटा माणूस स्वतःशीच भागीदारी करू शकत नाही. म्हणून शक्य तर तिसरा भागीदार असावा, आणि तो वयाने लहान असावा.

भागीदाराच्या चुकीची जबाबदारी आपल्या घरादारापर्यंत येते हे विसरू नये. ही जबाबदारी मर्यादित ठेवण्याची सोय २००८ च्या मर्यादित दायित्व भागीदारी कायद्याने झाली आहे. तरी ज्याने स्वतः चूक केली त्याची स्वतःची जबाबदारी तेथेही सुटत नाही.

फी आधी ठरवावी आणि कागदावर लिहावी. आपल्या मराठी माणसाला फी मागण्याचा संकोच फार. "आपल्यातलेच आहेत, काय मागायचे?" असे म्हणून आपण गप्प बसतो, आणि मग वर्षभर त्याच माणसाविषयी घरी कुरकुर करतो. गरिबाचे काम फुकट करावयाचे असेल तर खुशाल करावे, पण तेही वहीत लिहून : एवढे तास, फी माफ. लिहिले म्हणजे दान होते. न लिहिले तर ती नुसती ढिलाई.

प्रत्येक अशिलाला कचेरीतील दोन माणसे ओळखत असावीत, आणि त्या दोघांना अशिलाने ओळखावे. एकाच्या डोक्यात राहिलेली माहिती पेढीची नव्हे. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर असे लिहावे की उद्या अनोळखी माणसाने उघडली तरी पुढे काय करावयाचे ते त्याला कळेल.

आठवड्यातला एक तास शिकविण्यासाठी राखावा, आणि मार्च महिन्यातही तो मोडू नये. ज्या उमेदवाराने कागद तयार केला त्यालाच अशिलासमोर तो वाचावयास सांगावे. तो अडखळेल, अडखळू द्यावे. आपणही कधी काळी अडखळलो होतो.

कधी कधी काम नाकारावे. आपल्याला येत नसलेले काम, आणि आपल्या सहीला विकत घेऊ पाहणारे काम, ही दोन्ही नाकारण्यातच नफा आहे.

८. घरी करावयाचा हिशेब

लेख वाचून बाजूला ठेवण्यापूर्वी ज्यांची कचेरी आहे त्यांनी, आणि त्यांच्या घरच्यांनीही, पुढील प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत.

मी उद्यापासून तीन महिने अंथरुणावर पडलो तर कोणते अशील टिकतील? माझ्या कचेरीत माझ्यापेक्षा एखादी गोष्ट अधिक चांगली जाणणारा कोणी आहे काय, आणि नसेल तर का नाही? मी ज्याला "पेढी तुझीच आहे" म्हणतो, त्याचे नाव कोणत्या कागदावर आहे? माझ्यामागे माझ्या पत्नीला किंवा मुलांना पेढीकडून काय मिळावे आणि केव्हा, हे कोठे लिहिले आहे काय?

उत्तरे सुखावह नसतील तर घाबरू नये. माझीही नव्हती. शस्त्रक्रियेनंतर मी दोन तरुण भागीदार घेतले. त्यांतील एक आपल्याच वसाहतीतली मुलगी. प्रत्येक अशिलाकडे त्यांना घेऊन गेलो आणि तेथे मी गप्प बसण्याचा अभ्यास केला. तो अभ्यास मला सनदी परीक्षेपेक्षा कठीण गेला. आता मी आठवड्यातून दोन दिवस जातो. परवा एका नव्या अशिलाने मला दारात पाहून विचारले, "आपले काय काम होते?" मी म्हणालो, "काही नाही, सहज आलो." क्षणभर मनाला लागले, नाही असे नाही, पण घरी येईपर्यंत बरे वाटू लागले.

आता एकच गोष्ट राहिली. ही स्मरणिका सर्व सभासदांच्या घरी जाते, म्हणजे त्याच्याही घरी जाईल. त्याची पेढी आज माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि ऐकतो की त्याच्याकडे उमेदवार झालेले तिघे आज त्याचे भागीदार आहेत. जे मी त्याला शिकवावयास हवे होते ते तो माझ्या चुकीवरून शिकला. ज्या मांडवात मी त्याला कृतघ्न म्हटले, त्याच मांडवात हे शब्द परत घ्यावेत असे दरवर्षी ठरवितो, आणि दरवर्षी आरती संपते तेव्हा तो दुसऱ्या टोकाला उभा असतो. म्हणून येथे लिहितो. बाबा, घाई तुझी नव्हती. उशीर माझा होता.